सीता अशोक एकरभर लावावा का?

प्रश्न (सांगोला तालुका) : तेल्या रोगामुळे डाळिंबाची बाग काढून टाकली. एकरभर रान मोकळं आहे. रोपं विकणारा एक जण म्हणतो, अशोकाच्या सालीला औषधवाले चांगला भाव देतात, साल आम्हीच उचलू. जमीन हलकी, चुनखडीची. उन्हाळ्यात विहीर तासभरच चालते. लावू का? रोपाचा फोटो पाठवलाय.

उत्तर : आधी फोटोचं बोलू. पानं लांब, निमुळती, कडा नागमोडी. हा बंगल्यांच्या कुंपणाला सरळसोट वाढतो तो हिरवा अशोक, म्हणजे सीताफळाच्या कुळातला! औषधाचा सीता अशोक शेंगांच्या कुळातला. त्याच्या एकेका देठावर पानांच्या समोरासमोर जोड्या असतात, पालवी तांबूस आणि मलूल झाल्यासारखी लोंबते, केशरी फुलांचे झुपके जुन्या फांद्यांवरही येतात. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला साल लागते ती याची. हिरव्या अशोकाची साल त्यात भेसळ म्हणून खपवतात. त्या रोपांना एक रुपयाही देऊ नका.

खरी रोपं मिळाली तरी एकरभर लावू नका, असंच मी सांगेन. हे झाड कोकण-सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. जंगल तुटत गेलं, उरलेल्या झाडांची साल ओरबाडली गेली. १९९८ साली धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा चाळिशीपार. उघड्या रानात पानं करपणार, चुनखडीत लोह मिळत नाही म्हणून नवी पानं पिवळी पडणार. साल काढण्याजोगं खोड व्हायला कित्येक वर्षं जातात, तोवर सोसायटीच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. आणि 'आम्हीच उचलू' हे तोंडी बोलणं, लेखी काय आहे? त्या एकराला माती तपासून बोर किंवा सीताफळ बघा.

चार-पाच झाडं मात्र जरूर लावा. विहिरीजवळ, आंब्या-चिंचेच्या पूर्वेला, म्हणजे दुपारचं ऊन अडेल. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, चुनखडीचे खडे वेचून टाका, पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरा. पाणी साचायला नको. सुरुवातीचे दोन-तीन उन्हाळे ठिबक आणि बुंध्याशी उसाच्या पाचटाचा जाड थर हवाच. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर आधी तपासून घ्या.

प्रश्न (बार्शी तालुका) : गावात देवळामागं जुना सीता अशोक आहे. शेंगा वाळवून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी बी लावलं, एकही उगवलं नाही.

उत्तर : वाळवलं तिथंच बी गेलं. हे बी साठवणुकीचं नाही. शेंग तपकिरी होऊन तडकायच्या बेतात आली की उतरवा, बी रात्रभर भिजवा आणि त्याच आठवड्यात पिशवीत लावून सावलीत ठेवा. आणि औषधाला म्हणून कुणी साल मागायला आलं तर हात लावू देऊ नका. बुंध्याभोवती गोल साल निघाली की झाड उभं वाळतं.