टाकीत फेस, शेपटीत थरथर

प्रश्न : माझं रिमोटवर उडणारं ५० क्लासचं (०.५० घनइंची इंजिनाचं) नायट्रो इंधनावरचं मॉडेल हेलिकॉप्टर दोन-तीन मिनिटं छान तरंगतं, मग इंजिन तापून बंद पडतं. शेपटीचा पंख थरथरून धूसर दिसतो. कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई किती उघडू? – एक वाचक, सांगली

उत्तर : सुईला तूर्त हात लावू नका. उतरवल्या उतरवल्या टाकीकडे बघा. थरथरीने इंधनावर ताकासारखा फेस आला असेल तर चोर सापडला. बुडबुडे कार्ब्युरेटरमध्ये जातात, हवा जास्त नि इंधन कमी होतं, इंजिन तापतं.

मोठी पाती असमान असली की अख्खं हेलिकॉप्टर संथ डुलतं. तुमची थरथर बारीक, वेगवान. ती बहुधा इंजिनाकडची. सगळी पाती काढून कमी थ्रॉटलवर काही सेकंदच चालवून बघा. थरथर राहिलीच तर इंजिन बंद करून, ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार) काढून, कूलिंगचा पंखा डायल गेजखाली (बारीक डगमग मोजणारं काट्याचं मापक) हाताने फिरवा. माझ्याकडे काटा ०.१५ मिमी हलत होता. पंख्याच्या हबखाली इंधनातल्या एरंडेलाचा वाळलेला थर निघाला, नखाने खरवडला. पुन्हा बसवल्यावर ०.०३. त्याआधी दोन आठवडे मी बिचाऱ्या ग्लो प्लगलाच शिव्या घालत होतो!

टाकी फ्रेमला घासत असेल तर मध्ये स्पंजची पट्टी घाला. सुई त्यानंतर जुळवा; उडताना मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे.