पाठीची ‘साल’ निघाली की ‘त्वचा’?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा वैशाखात भर दुपारी विहिरीवर पोहून आला आणि दोन-तीन दिवसांनी त्याची पाठ सोलली. आजी अहिराणीत म्हणाली, “पाठनी साल निंघनी.” मुलाने निबंधात तेच लिहिलं, तर बाईंनी ‘साल’ खोडून ‘त्वचा’ केलं; साल केळ्याला असते, माणसाला नाही, म्हणून. बरोबर कोण?

आजी. आणि अगदी नेमकी बरोबर.

त्वचा म्हणजे अख्खं आवरण. त्यात वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी सतत जन्मतात, वर सरकताना केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरत जातात, चपट्या होतात आणि पृष्ठभागाशी येईतो मेलेल्या असतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. एरवी त्या आपल्याला दिसणारही नाहीत अशा झडतात. उन्हाने पोळल्यावर मात्र एकदम, पापुद्र्याने सुटतात. मुलाच्या पाठीवरून निघाला तो हा पापुद्रा. त्वचा निघाली असती तर दवाखाना गाठावा लागला असता!

बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाचं टोक बोटाला घासतं, पांढुरकं सालटं उभं राहतं, पण रक्त येत नाही. तेव्हा बाया “सालटं निघालं” म्हणतात. रक्त आलं की शब्द बदलतो: “कापलं”. जखम अंतस्त्वचेपर्यंत गेली, हे त्या एका क्रियापदाने सांगून टाकलं.

‘कातडं’ आणि ‘चामडं’ खालच्या थराचे. चामडं कमावताना चुन्याच्या पाण्यात भिजवून केस आणि बाह्यत्वचा काढूनच टाकतात. उरते कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली चिवट अंतस्त्वचा. चपला तिच्या होतात. ‘चामडं’ संस्कृत ‘चर्म’वरून, ‘कातडं’ ‘कृत्ति’वरून आलं. गजचर्म पांघरणारा शंकर कृत्तिवास, तीच ही कृत्ति.

एक अडचण मान्य करतो. सापाची ‘कात’ही याच कृत्तीची लेक, पण साप टाकतो तो फक्त वरचा मेलेला थर. म्हणजे शब्दांची वाटणी काटेकोर नाही. तरी ‘कात टाकली’ आणि ‘कातडं सोललं’ यांत आपण कधी गल्लत करत नाही.

ताई, निबंधातलं वाक्य ‘पाठीची साल निघाली’ असंच राहू द्या.