43 वस्तूंची यादी

"बाळाला घेऊन प्रवास कधी करावा?" हा प्रश्न खरं तर मला विचारायचा नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारायचा. तरी तो घेऊन समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेले नवे आईबाबा मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. त्यातल्या बहुतेकांना डॉक्टरांनी आधीच "जा की" म्हणून सांगितलेलं असतं. परवानगी मिळालेली असते, पाय निघत नसतो.

असंच एक जोडपं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाळ साडेचार महिन्यांचं. तिच्या आजारी आजीला पणतू बघायचा होता. दोन तासांचं विमान, पुढे दीड तास गाडी. तिकिटं दोनदा काढली, दोनदा रद्द केली. नवरा बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, हिला जरा समजवा. लोक याहून लहान बाळं घेऊन जग फिरतात."

ती काहीच बोलली नाही. तिने फोन उघडून माझ्यापुढे धरला. बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी होती. 43 वस्तू.

मी तिला प्रत्येक वस्तूपुढे एक अक्षर लिहायला सांगितलं. बाळासाठी असेल तर 'बा', लोकांसाठी असेल तर 'लो', स्वतःच्या भीतीसाठी असेल तर 'भी'. डायपर 'बा'. थर्मामीटर 'बा'. दुसरा थर्मामीटर... तिने माझ्याकडे बघितलं आणि 'भी' लिहिलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली ती इथे. शेवटी 'बा' निघाले 17, 'भी' 18 आणि 'लो' 8. त्या आठांत शेजारच्या प्रवाशांना वाटायला कानात घालायचे बोळेही होते, माफीच्या चिठ्ठीसकट!

"ही माफी कशाची?" मी विचारलं.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. बाळ सहा आठवड्यांचं असताना ती त्याला लस द्यायला घेऊन गेली होती. बाहेर बाकावर बसल्या बसल्या बाळ जे रडायला लागलं ते थांबेचना. पाजून झालं, फिरवून झालं. शेजारी बसलेल्या एक बाई सहज म्हणाल्या, "आईला अजून जमत नाहीये वाटतं." बस्स, एवढंच. त्यानंतर ती बाळाला घेऊन बाहेर पडली ती फक्त दवाखान्यापुरती, तीही नवरा सोबत असताना. "आणि मॅडम, घरात राहायला लागल्यापासून तो खरंच शांत झालाय. म्हणून तर हलवावंसं वाटत नाही."

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरंच ओसरतं. घरात राहणाऱ्या बाळांचंही आणि गावभर फिरणाऱ्यांचंही. ती बाहेर पडली नेमकी कळसाच्या आठवड्यात, आणि घरात बसली तो सगळा उताराचा काळ होता. वयाने केलेल्या कामाचं श्रेय तिने चार भिंतींना देऊन टाकलं होतं! टाळाटाळ अशीच टिकते. तिच्या खात्यावर न केलेली कामगिरी जमा होत राहते आणि भीती तपासून बघायची वेळच येत नाही.

मी कागदावर हा चढउतार काढून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तो कुठेही असता तरी रडलाच असता?" बहुतेक, हो.

तिची झोप, भूक, मन कशात लागतं का, हेही विचारून घेतलं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. 1987 पासून वापरात असलेली ही 10 प्रश्नांची यादी गेल्या 7 दिवसांतल्या मनःस्थितीबद्दल विचारते. तिचे गुण काळजीच्या टप्प्यात नव्हते. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर प्रवासाचा विषय बाजूला ठेवून मी आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते.

आता नवऱ्याची बाजू. तिच्या 'भी'मधली एक वस्तू मी 'बा'मध्ये हलवली: बाळाची कार सीट. तो म्हणत होता, "दीड तासासाठी कशाला? मांडीवर घेऊ की." इथे तीच बरोबर होती, आणि मी ते त्याच्यासमोर स्पष्ट सांगितलं. गाडी धडकली तर कितीही घट्ट धरलेलं बाळ हातात राहत नाही. सीट मागच्या बाजूला तोंड करून, गाडीच्या मागच्या आसनावर. त्याचा चेहरा जरा उतरला. पण बायकोची प्रत्येक काळजी 'उगाचची' ठरवली की तिला खरी आणि फुगलेली भीती वेगळी करताच येत नाही. मग ती सगळ्याच घट्ट धरून बसते.

सराव म्हणून छोट्या फेऱ्या ठरवल्या. पहिल्यांदा दहा मिनिटं, नवऱ्यासोबत. मग अर्धा तास, एकटीने. तिसऱ्या फेरीत बाळाने भोकाड पसरलं आणि ती अर्ध्या वाटेतून परतली. पुढच्या भेटीला आली ती चेहरा पाडून. आम्ही नियम थोडा बदलला: रडायला लागलं तर परतायचं नाही, थांबायचं. बाळाला घ्यायचं, रडणं ओसरेपर्यंत तिथेच राहायचं, मग ठरवायचं. पाचव्या फेरीला ते जमलं.

कानांचं तिने डॉक्टरांना विचारून घेतलं. विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो, आणि कानाच्या पडद्यामागची पोकळी घशाशी जोडणारी नळी बाळांमध्ये अरुंद असते. गिळताना ती उघडते, म्हणून उतरताना पाजायचं. विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी उतरण सुरू होते. त्याआधीच पोट भरून बसलेलं बाळ नेमक्या वेळी तोंड फिरवतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

झालंही तसंच. परत आल्यावर तिने सांगितलं, "रडला. पंचवीस मिनिटं." पुढच्या रांगेतल्या एकाने दोनदा मागे वळून बघितलं. तिने चिठ्ठी दिली नाही, कारण बोळे आणि चिठ्ठ्या घरीच राहिल्या होत्या. "आणि घाम कुणाला फुटला, विचारा," तिने नवऱ्याकडे मान वळवली. तो ओशाळून हसला.

मग तिने पुन्हा यादी उघडली. आता 21 वस्तू होत्या. शेवटची नवी होती. विमानात बाळाने तिच्या अंगावर दूध ओकलं होतं आणि आजीकडे पोहोचेपर्यंत ती त्याच ओल्या कपड्यांत बसली होती. बाळाचे सहा जोड बरोबर होते. तिचा एकही नव्हता. आता लिहिलं होतं: 'माझे कपडे, एक जोड, वरच्या पिशवीत'.

"यापुढे कुठलं अक्षर लिहू?" तिने विचारलं. आमच्याकडे त्यासाठी अक्षरच नव्हतं.