‘इतर’ या रकान्यात कोण कोण?

लैंगिक अल्पसंख्याकांच्या आरोग्याबद्दल तेच प्रश्न वारंवार येतात, म्हणून एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलगा समलिंगी आहे का, हे रक्ततपासणीत कळते का? (सदाशिव पेठ)

नाही. अशी तपासणीच नाही.

प्रश्न : एक समुपदेशक दहा बैठकांत समलिंगी मुलाला ‘बरे’ करण्याची हमी देतात. पॅकेज घ्यावे का? (चिंचवड)

एक रुपयाही देऊ नका. हा आजारच नाही. असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मुलाची झोप-भूक उडाली असेल, तर त्या त्रासासाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मावेळी माझी नोंद मुलगा अशी होती. मैत्रिणीचे ऐकून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणते, दुप्पट घेते. एक पोटरी सुजली आहे. आठवडाभर वाट पाहू का? (हडपसर)

आजच, आत्ताच रुग्णालयात जा. या गोळ्यांतल्या हार्मोन्सनी शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या, काही लपवू नका. पुढची हार्मोन्स एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञांना विचारूनच.

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष (जन्मावेळी नोंद मुलगी अशी), वस्तीत राहतो. आरोग्याच्या सर्वेक्षणात जात आणि उत्पन्न विचारले. आजाराशी त्याचा काय संबंध? (येरवडा)

फार मोठा. केसपेपरच्या खिडकीवर आधारवरचे जुने नाव मोठ्याने पुकारतात. रांग बायकांची धरायची की पुरुषांची, कळत नाही. आडनाव ऐकून कुणी टोमणा मारतो, वर त्या दिवसाची मजुरी जाते. हे सगळे एकाच माणसावर एकदम येते आणि तो पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही. नुसते ‘ट्रान्स’ लिहून घेतले, तर यातले काय दिसणार?

संशोधकांवर माझा राग आहे तो इथेच. इंग्रजी फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा, तो बाणेर-कोथरूडच्या शिकलेल्या मुलांनी भरायचा आणि निष्कर्ष मात्र सगळ्या समुदायाच्या नावावर छापायचे! लिंगाच्या रकान्यात ‘इतर’वर खूण करणारे थोडे निघाले, की संख्या अपुरी म्हणून वगळायचे. 2011च्या जनगणनेतही 4,87,803 माणसे त्या एकाच रकान्यात होती. एचआयव्हीमुळे समलिंगी पुरुष आणि हिजडा समुदायावर पुष्कळ काम झाले. भोसरीत 1992 मध्ये एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्थाच उभी राहिली. ट्रान्स पुरुष आणि समलिंगी स्त्रिया मात्र बहुतेक अभ्यासांत सापडतच नाहीत.

म्हणून उत्तर द्या. पण आधी नैतिकता समितीची (संशोधन योग्य रीतीने होते का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, तुमचे नाव कुठे राहणार, हे विचारा. नको वाटला तो प्रश्न सोडा. त्यावरून उपचार अडवता येत नाहीत.

प्रश्न : माझे संबंध फक्त स्त्रीशी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी टाळली तर चालेल ना? (कात्रज)

टाळू नका. हा कर्करोग घडवणारा एचपीव्ही विषाणू स्त्रीकडून स्त्रीलाही होतो. गर्भाशयमुख असलेल्या ट्रान्स पुरुषांनाही हेच लागू. कधी करायची, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.