प्रश्न वाचकांचे : दृष्टिहीनांच्या कमाईची मर्यादा आणि लोकप्रतिनिधींकडचा पाठपुरावा

अमेरिकेतील अपंगत्व विम्याविषयी मागील अंकात दिलेले उत्तर फारच त्रोटक होते, अशी तक्रार अनेक वाचकांनी केली आणि ती रास्त आहे. दृष्टिहीन व्यक्तीने किती कमावले म्हणजे तिचा लाभ बंद होतो आणि ही मर्यादा बदलण्यासाठी लोकप्रतिनिधींना भेटून काही उपयोग होतो का, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझे मेहुणे न्यू जर्सीत एडिसन येथे राहतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या विकारामुळे चाळिशीत त्यांची दृष्टी गेली. त्यांना सोशल सिक्युरिटी या सरकारी विमा योजनेचा दरमहा १,६०० डॉलर अपंगत्व लाभ मिळतो. शिवाय गेली दोन वर्षे ते अर्धवेळ काम करून २,६५० डॉलर मिळवतात. २०२५ मध्ये मालकाने त्यांना शंभर डॉलरची पगारवाढ देऊ केली आणि त्यांनी ती नाकारली. आम्हा घरच्यांना हा हट्ट वाटतो. आपले मत काय?

उत्तर : आपल्या मेहुण्यांनी हट्ट केलेला नाही, त्यांनी हिशेब केला आहे आणि तो बरोबर आहे. दृष्टिहीन व्यक्तीसाठी २०२५ मधील मासिक कमाईची मर्यादा २,७०० डॉलर होती. सध्या लाभ आणि पगार मिळून त्यांच्या हाती ४,२५० डॉलर पडतात. पगार २,७५० झाला की मर्यादा पन्नास डॉलरने ओलांडली जाते, आणि मग लाभातून पन्नास डॉलर कापले जात नाहीत, तर त्या महिन्याचे १,६०० च्या १,६०० डॉलर थांबतात. म्हणजे शंभर डॉलरची वाढ स्वीकारणाऱ्याच्या घरात दरमहा १,५०० डॉलर कमी येतात. काम जाणणाऱ्या आणि आणखी काम करू इच्छिणाऱ्या माणसाला स्वतःची बढती परतवून लावायला भाग पाडणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलावा म्हणून तेथील दृष्टिहीनांच्या संघटना कित्येक वर्षे झटत आहेत.

तरीही वाढ नाकारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट अशी की, काम करता यावे म्हणून अपंगत्वामुळे जो खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, उदाहरणार्थ कागदपत्रे वाचून दाखवणाऱ्या मदतनिसाचे मानधन, पडद्यावरचा मजकूर वाचणारे सॉफ्टवेअर, ब्रेल यंत्र किंवा मार्गदर्शक कुत्र्याचा सांभाळ, तो मान्य झाल्यास मर्यादा लावण्याआधी कमाईतून वजा होतो. मेहुण्यांचा असा खर्च महिन्याला शंभर डॉलर असेल आणि त्याच्या पावत्या असतील, तर २,७५० डॉलरचा पगार हिशेबात २,६५० च धरला जाईल. दुसरी गोष्ट चाचणी-कालावधीची आहे. कामाला लागलेल्या लाभार्थीला साठ महिन्यांच्या अवधीत नऊ महिने, सलग असोत वा नसोत, कितीही कमावले तरी पूर्ण लाभ मिळतो. २०२५ मध्ये ज्या महिन्यात १,१६० डॉलरहून अधिक कमाई झाली, तो महिना या नवांत मोजला गेला. मेहुणे दोन वर्षे काम करीत असल्याने त्यांचे हे नऊ महिने बहुधा संपले असतील. त्यानंतरच्या छत्तीस महिन्यांत ज्या महिन्याची कमाई मर्यादेखाली राहते, त्या महिन्याचा लाभ नव्या अर्जाशिवाय पुन्हा सुरू होतो. म्हणून ते या छत्तीस महिन्यांच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, हे सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयाकडून लेखी मागवून घ्यावे.

पगारातला प्रत्येक बदल लगेच कळवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. उशिरा लक्षात आलेला जादा लाभ परत मागितला जातो. एका परिचित दृष्टिहीन बाईंना अशा वसुलीचे पत्र आले तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवले होते. त्यांनी वेळेवर कळवले होते, पण पोच ठेवली नव्हती. त्यांच्या हातात देण्यासारखा एकही कागद नव्हता, ही गोष्ट मला आजही सलते.

प्रश्न : अमेरिकेत इतर अपंगांना २०२५ मध्ये १,६२० डॉलरचीच मर्यादा होती, असे वाचले. दृष्टिहीनांना आधीच अधिक सवलत असताना त्यांनी आणखी का मागावे? आणि खासदारांच्या दारी जाण्याऐवजी विभागाच्या अधिकाऱ्यांनाच का सांगू नये? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण सगळ्या चळवळीचे मूळ तेथे आहे. इतर अपंगांची मर्यादा सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या नियमांनी ठरते. दृष्टिहीनांच्या मर्यादेचा आधार मात्र खुद्द कायद्यातच आहे, त्यामुळे अधिकारी कितीही सहृदय असला तरी त्याला तो बदलता येत नाही. तो बदल फक्त काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, करू शकते, आणि म्हणूनच पांढरी काठी घेतलेली माणसे दर वर्षी हिवाळ्यात वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या दालनांत बसतात.

हा आधार कायद्यात आला तो १९७७ च्या दुरुस्तीने. त्या काळी निवृत्तिवेतन घेणाऱ्या ज्येष्ठांनाही कमाईची मर्यादा होती. दृष्टिहीनांची मर्यादा ज्येष्ठांच्या मर्यादेशी जोडली गेली आणि १९७८ मध्ये ती महिना ३३४ डॉलर झाली. त्या वर्षी इतर अपंगांची मर्यादा २६० डॉलर होती. पुढे ज्येष्ठांची मर्यादा वाढेल तशी दृष्टिहीनांचीही आपोआप वाढत गेली. ज्येष्ठांची संख्या मोठी, मतदानात त्यांचा जोर मोठा आणि त्यांच्या संघटना भक्कम, त्यामुळे त्यांच्याबरोबर बांधलेली ही छोटी होडी जवळपास अठरा वर्षे सुखरूप पुढे गेली.

२९ मार्च १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ही गाठ सोडवली. त्या कायद्याने ज्येष्ठांची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून २००२ पर्यंत वर्षाला ३०,००० डॉलरवर नेली, पण दृष्टिहीनांना त्या वाढीतून वगळले. त्यामागे खर्च वाचवण्याचा विचार होता. त्याच कायद्यात देशाच्या कर्जमर्यादेची वाढही बसवलेली असल्यामुळे तो अडवून धरणे कोणालाही परवडणारे नव्हते. परिणाम असा झाला की २००२ मध्ये ज्येष्ठांना महिन्याला सरासरी २,५०० डॉलर कमावण्याची मुभा मिळाली आणि दृष्टिहीनांना १,३०० डॉलरवर थांबावे लागले. दरम्यान ७ एप्रिल २००० रोजी पूर्ण निवृत्तिवय (ज्या वयात पूर्ण निवृत्तिवेतन मिळते ते वय) गाठलेल्या ज्येष्ठांची मर्यादा कायमची रद्द झाली. प्रतिनिधिगृहात ४२२ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य अशा मतांनी ती रद्द करण्यात आली. कमाईबद्दल दंड करणे चूक आहे, हे दोन्ही सभागृहांनी एकमुखाने मान्य केले, पण ते फक्त ज्येष्ठांपुरते. पूर्ण निवृत्तिवय ज्या वर्षी गाठले जाते, त्या वर्षापुरती ज्येष्ठांची एक मर्यादा आजही आहे आणि २०२५ मध्ये ती ६२,१६० डॉलर, म्हणजे महिना ५,१८० डॉलर होती. जुनी गाठ कायम असती, तर आपण ज्याला अधिक सवलत म्हणता ती २,७०० डॉलरची मर्यादा त्या वर्षी साधारण तेवढी असती.

आता आपला पहिला प्रश्न. इतर अपंगांची मर्यादा याहून कमी आहे, ही गोष्ट मलाही खटकते. पण ती वर आणण्यासाठी दृष्टिहीनांनी खाली राहिले पाहिजे, हे मला मान्य नाही. शिवाय आजची मुख्य मागणी आकडा वाढवण्याची नाही. मर्यादेवरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे लाभातून एक डॉलर कापावा, एवढेच मागणे आहे. एडिसनच्या मेहुण्यांचेच उदाहरण घ्या. पगार २,७५० डॉलर झाला तर पन्नासाच्या निम्मे, म्हणजे पंचवीस डॉलर कापले जातील, लाभ १,५७५ राहील आणि घरात ४,३२५ डॉलर येतील. पगार ५,९०० डॉलरवर पोहोचेपर्यंत लाभ हळूहळू घटत शून्यावर येईल आणि वाटेत कुठेही कडा कोसळणार नाही. पूर्ण निवृत्तिवयापूर्वी निवृत्तिवेतन घेणाऱ्या ज्येष्ठांना हीच दोनास एक कपात लागू आहे. गरजूंसाठीच्या एसएसआय या दुसऱ्या योजनेतही काही ठरावीक सूट देऊन नंतर कमाईच्या निम्मीच रक्कम हिशेबात धरली जाते. जी पद्धत सरकार दोन ठिकाणी रोज वापरते, ती तिसऱ्या ठिकाणी वापरणे अशक्य आहे, हे मला पटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा जन्मतः दृष्टिहीन असून मेरीलँडमध्ये शिकतो आहे. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या दृष्टिहीनांच्या संघटनेने ठरवलेल्या वॉशिंग्टनमधील खासदारांच्या भेटींसाठी आम्हालाही बोलावणे आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मतदानाचा हक्क नाही. आम्ही जावे का, आणि तेथे नेमके काय बोलावे? (एक आई)

उत्तर : अवश्य जावे. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिला आहे आणि तो मतदारांपुरता नाही. आपण ज्या मतदारसंघात राहता, तेथील प्रतिनिधी आपलाही प्रतिनिधी आहे. मुलाच्या शाळेबद्दल आपण त्याच्याकडे गेला असता, तशाच याही कामासाठी जावे.

ही संघटना १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरे येथे स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जेकोबस टेनब्रुक हे स्वतः दृष्टिहीन होते आणि पुढे घटनात्मक कायद्याचे अभ्यासक म्हणून नावाजले गेले. संघटनेचे मुख्यालय बाल्टिमोरला असल्याने मेरीलँडच्या लोकांना या भेटींची सवय असते, त्यामुळे आपल्याला सोबतीची अडचण पडणार नाही.

बहुतेक वेळा प्रत्यक्ष खासदार भेटत नाहीत. त्यांचा एखादा तरुण सहायक भेटतो आणि त्याच्याकडे जेमतेम पंधरा मिनिटे असतात. पहिल्या भेटीत मला याचे वाईट वाटले होते. पुढे लक्षात आले की खासदाराच्या टेबलावर जाणारे टिपण हाच सहायक लिहितो, तेव्हा त्याला विषय समजावणे हेच खरे काम आहे. त्याला योजनेचा सगळा इतिहास सांगत बसू नये. मर्यादेपर्यंत पूर्ण लाभ आणि त्यापुढे शून्य, ही एक गोष्ट सांगावी आणि लगेच कोणाच्या तरी घरचा हिशेब मांडावा. आपल्या मुलाने स्वतः बोलावे. पदवीनंतर कोणते काम करायचे आहे, हे त्याने त्याच्या शब्दांत सांगितले तर ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. आईने त्याच्या वतीने बोलू नये, हे मी आग्रहाने सांगते. सहायक मुलाऐवजी आपल्याकडे पाहून प्रश्न विचारू लागला, तरी उत्तर मुलालाच देऊ द्यावे.

मागणी नेमकी असावी. ‘दृष्टिहीनांकडे लक्ष द्या’ या विनंतीला सगळेच होकार देतात आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. विधेयक मांडलेले असेल तर त्याचा क्रमांक सांगून खासदार सहप्रायोजक होतील का, असे विचारावे आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल तेही विचारून घ्यावे. सोशल सिक्युरिटीची विधेयके प्रतिनिधिगृहात वेज अँड मीन्स समितीकडे आणि सिनेटमध्ये फायनान्स समितीकडे जातात. आपले खासदार यांपैकी एका समितीवर असतील, तर त्या एका भेटीचे मोल फार मोठे आहे. खर्चाचा प्रश्न निश्चित निघेल, कारण १९९६ मध्ये घात तेथेच झाला. त्यावर अडखळू नये. आज मर्यादेच्या भीतीने मुद्दाम कमी तास काम करणारे लोक अधिक कमावू लागले, तर ते अधिक कर भरतील, सोशल सिक्युरिटीच्या निधीत त्यांची वर्गणी वाढेल आणि त्यांचा लाभही क्रमाने घटेल, हे सांगावे. प्रस्तावावर एक पैसाही खर्च होणार नाही, असे मात्र म्हणू नये. सहायकाकडे खर्चाचे अंदाज असतात आणि एकदा विश्वास गेला की पुढचे बोलणे वाया जाते.

घरी परतल्यावर आठवडाभरात आभाराचे पत्र पाठवावे आणि त्यात मागणी पुन्हा एकदा लिहावी. काँग्रेसचा कार्यकाळ दोन वर्षांचा असतो आणि त्या अवधीत मंजूर न झालेले विधेयक आपोआप बाद होते, मग ते नव्याने मांडावे लागते. त्यामुळे तीच भेट, तोच हिशेब आणि बहुधा नवा सहायक, असे पुढच्या खेपेलाही होईल, याची मुलाला आधीच कल्पना द्यावी.

प्रश्न : आपल्याकडे अशी तरतूद आहे का? असल्यास तिचा पाठपुरावा कोणाकडे करावा? (एक दृष्टिहीन वाचक, नाशिक)

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या चोविसाव्या कलमात सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे. इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के अधिक साहाय्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. दिव्यांग निवृत्तिवेतनाचा उल्लेखही त्याच कलमात आहे, पण तो अधिसूचित होईल त्या उत्पन्नमर्यादेच्या अधीन ठेवलेला आहे. म्हणजे आपल्याकडे मर्यादेचा आकडा कायद्यात लिहिलेला नाही, तो सरकार ठरवते. अमेरिकेतील दृष्टिहीनांना कायदा बदलण्यासाठी दोन्ही सभागृहांची संमती लागते. आपल्याला मर्यादा बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाचा आदेश पुरतो. म्हणून निवेदन थेट दिव्यांग कल्याण विभागाकडे द्यावे, त्याची प्रत आपल्या आमदारांना द्यावी आणि अधिवेशनात यावर प्रश्न विचारण्याची लेखी विनंती त्यांना करावी. निवेदनात आपल्या घरचे उत्पन्न, काठी, मोबाइल, प्रवास आणि मदतनीस यांवरचा महिन्याचा खर्च आणि मर्यादेमुळे नाकारावे लागलेले काम, हे सारे आकड्यांसह लिहावे आणि त्याखाली आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.