पंपाला सेन्सर लावू का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, मुलगा 14 वर्षांचा आहे, दमा आहे. सकाळ-संध्याकाळचा पंप घेतो म्हणतो पण घेतो का ते देव जाणे, दम लागला की मात्र सालब्युटामॉलचा पंप खिशातून निघतोच. अमेरिकेतला भाचा म्हणतो तिकडे डिजीहेलर नावाचा सेन्सरवाला पंप मिळतो, मोबाईलवर सगळं दिसतं, पाठवू का मामी? मागवू का?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, भाच्याला सांगा राहू दे. टेव्हा कंपनीने डिजीहेलर 2024 मध्येच बंद केला. वस्तू चांगली होती खरं तर, पंप कधी घेतला एवढंच नाही तर श्वास किती जोरात ओढला तेपण मोजायची. आपल्याकडे लुपिनने 2020 मध्ये अ‍ॅधेरो आणलं, ते आपल्या साध्या पंपाला बसवायचं, पंप दाबला की ब्लूटूथने मोबाईलवर नोंद. पण नोंद होते ती दाबल्याची, औषध छातीत गेलं की जिभेवरच बसलं हे अशा सेन्सरला कळत नाही. अमेरिकेत 1990 च्या आसपास पंपाला असंच मोजणारं यंत्र लावून बघितलं होतं, तर काही पेशंटनी तपासणीला जायच्या आधी धडाधड पंप दाबून हवेतच रिकामा केला! आणि तुमचं पोरगं तर 14 वर्षांचं.

तरी मी सेन्सरला नावं ठेवत नाही. रोजचा पंप चुकतोय हे नोंदीत दिसलं तर डॉक्टर उगाच औषध वाढवत बसत नाहीत, आणि सालब्युटामॉल किती उडतंय तेही कळतं. 200 पफच्या तीन बाटल्या वर्षात संपल्या तर दम्याच्या अ‍ॅटॅकचा धोका वाढतो, 12 संपल्या तर जिवाचा. हा हिशोब मात्र सेन्सरशिवायही होतो, नवीन बाटली उघडली की स्केचपेनने तारीख टाका, झालं.

आणि आज रात्री त्याला तुमच्यासमोर पंप घ्यायला लावा. हलवला का, पूर्ण श्वास सोडला का, मग हळू ओढता ओढता दाबला का, दहा सेकंद श्वास धरला का. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा धूर निघाला तर औषध वाया गेलं समजा, डॉक्टरांकडून स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, लिहून घ्या आणि तो कसा धरायचा तेही तिथेच शिकून या. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची.

एवढं करून सेन्सर घ्यायचाच असेल तर त्याला विचारून घ्या, नोंदी त्याच्या मोबाईलवर, तुम्ही आठवड्यातून एकदाच बघायच्या, रोज जेवायला बसल्यावर उलटतपासणी नको.