सत्र प्रकल्पासाठी गॉगलचे डिझाइन करून संगणकावर मॉडेल करायचे आहे. कोणते सॉफ्टवेअर वापरावे आणि किती वेळ धरावा?

तुम्ही लिहिले आहे की हाताशी 12 आठवडे आहेत, दोघांचा गट आहे, गॉगलची समोरून काढलेली रेखाटने मंजूर झाली आहेत आणि आता ‘फक्त मॉडेलिंग उरले आहे’. तुमच्या वाक्यातला तो ‘फक्त’ वाचला आणि मी हे उत्तर लिहायला बसले. सॉफ्टवेअरविषयी शेवटी लिहीन, कारण या कामात त्याचा क्रमांक शेवटचाच लागतो.

विद्यार्थिनी असताना मीही हाच प्रकल्प केला होता आणि आमचाही गट दोघांचाच होता. माझ्या सहकाऱ्याचा हात संगणकावर सफाईने चालत असे आणि माझा कटर व सँडपेपरवर, त्यामुळे मॉडेल त्याने करायचे आणि प्रत्यक्ष नमुना मी करायचा अशी वाटणी कोणी न सांगताच झाली. पहिल्याच आठवड्यात मी सुचवले की पुठ्ठ्याच्या आठ-दहा फ्रेमा कापू, त्या वर्गातल्या निरनिराळ्या चेहऱ्यांवर लावून पाहू, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काड्यांची लांबी त्यावरून ठरवू आणि मगच संगणकाकडे वळू. त्यावर आमचे मार्गदर्शक म्हणाले, ‘‘हा हस्तकलेचा तास नाही.’’ सहकाऱ्याने मान डोलावली. मी पुठ्ठा कपाटात ठेवला, आणि इतक्या वर्षांनंतरही मला त्या दिवसातली खटकणारी गोष्ट ती टिप्पणी नसून मी पुठ्ठा कपाटात ठेवला हीच वाटते.

सहकाऱ्याने मॉडेल कसे केले ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नातल्या वर्णनावरून तुम्हीही त्याच वाटेने निघाला आहात. त्याने समोरचे रेखाटन पार्श्वभूमीला ठेवून फ्रेमची अर्धी बाह्यरेषा गिरवली, तिला 4 मिलिमीटर जाडी दिली, मध्यरेषेवर आरशासारखी दुसरी बाजू उमटवली आणि तो सपाट पुढचा भाग एका आज्ञेने डावीकडून उजवीकडे थोडासा वाकवला. मग कडा गोलसर केल्या, कासवाच्या पाठीसारखा पिवळसर तपकिरी पोत चढवला आणि काचांना वरून खाली फिका होत जाणारा रंग दिला. रेंडर केलेले, म्हणजे संगणकाने मॉडेलवरून प्रकाश-छायेसह खऱ्यासारखे काढलेले, चित्र देखणे होते. मी आजही ते नाकारत नाही.

सातव्या आठवड्यात फ्रेम थ्रीडी प्रिंटरवर छापून आली आणि मी ती घेऊन चष्मे बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. सहकारी बरोबर होता. कारागिराने फ्रेम हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, ‘‘बेस कितीचा धरला आहे?’’ सहकाऱ्याने उत्तर दिले की बेस तपकिरी आहे, वर पिवळे डाग आहेत. त्याला वाटले की रंगाचा बेस विचारला आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. कारागीर हसला नाही. त्याने नंबर नसलेले तयार भिंग घेऊन फ्रेमच्या खाचेवर, म्हणजे भिंगाची कड जिच्यात बसते त्या चरीवर, टेकवले आणि वरच्या कडेची फट आम्हाला बोटाने दाखवली.

ही फट कोठून आली हे समजून घेतल्याशिवाय गॉगलच्या मॉडेलिंगला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गॉगलचे साधे भिंग म्हणजे गोलाच्या कवचाचा कापलेला तुकडा असतो, आणि त्या गोलाचा बाक बेस या आकड्याने सांगतात. 530 ला बेसने भागले की गोलाची त्रिज्या मिलिमीटरमध्ये मिळते. बेस 4 असेल तर त्रिज्या सुमारे 132, बेस 6 असेल तर सुमारे 88, आणि कानशिलांपर्यंत वळणाऱ्या खेळाडूंच्या गॉगलला लागतो तसा बेस 8 असेल तर सुमारे 66 मिलिमीटर येते. आमच्या हाती आलेले भिंग बेस 6 चे होते आणि आमच्या फ्रेमच्या खिडकीची उंची 44 मिलिमीटर होती. इतक्या उंचीचा तुकडा 88 त्रिज्येच्या गोलावरून कापला तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा मधल्या फुगवट्यापेक्षा जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर मागे जातात. सहकाऱ्याची फ्रेम मात्र आडवीच वाकलेली होती आणि उभ्या दिशेने ती फळीसारखी सरळ होती. म्हणजे भिंगाची कड मागे वळलेली आणि खाच जिथल्या तिथे. खाचेची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर असताना पावणेतीन मिलिमीटरची चूक कानशीने घासून निघत नाही. मी ती घासून पाहिली, म्हणून सांगते.

पुढे व्हायचे तेच झाले. मॉडेल बदलायला वेळ नाही असे सहकाऱ्याचे म्हणणे पडले, कारण मॉडेल बदलले की सगळे रेंडर पुन्हा करावे लागणार होते. त्यामुळे मी चार दिवस खाच खोदत आणि भिंगाच्या कडा घासत बसले, आणि शेवटी दोन्ही भिंगे चिकटवली. सादरीकरणाच्या दिवशी भिंतीवर मोठे रेंडर होते आणि टेबलावर माझा नमुना. परीक्षकांपैकी एकांनी तो डोळ्यांवर लावला. त्यांच्या नाकाचा पूल बसका होता. फ्रेम खाली घसरून चेहऱ्याला चिकटली, पापण्या भिंगाला घासू लागल्या, आणि ते काही बोलण्यासाठी हसले तेव्हा गालांनी खालची कड वर ढकलली. गॉगल काढताना डावे भिंग त्यांच्या हातात आले. मूल्यमापनाच्या कागदावर लिहून आले की संकल्पना आणि डिजिटल मॉडेल उत्कृष्ट आहे, मात्र नमुन्याची कारागिरी कमी पडली. नमुना माझ्या वाट्याचा होता.

कारागिरी कमी पडली नव्हती. जे मॉडेल भौमितिकदृष्ट्या बसणेच शक्य नव्हते त्याचा नमुना मी केला होता, आणि हे त्या दिवशी मला मुद्देसूद सांगता आले नाही. आता सांगते.

गॉगलचे मॉडेल भिंगापासून सुरू करावे, फ्रेमच्या रेषेपासून नव्हे. आधी डोक्याचे मॉडेल उघडून त्यावर डोळ्यांची जागा निश्चित करावी. प्रत्येक डोळ्यासमोर ठरलेल्या बेसच्या त्रिज्येचा गोल असा ठेवावा की भिंगाची मागची बाजू डोळ्यापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटरवर राहील. मग तो गोल अशा रीतीने फिरवावा की भिंगाची खालची कड गालाकडे 8 ते 12 अंश झुकेल आणि बाहेरची कड कानशिलाकडे किंचित वळेल. तुमचे लाडके रेखाटन त्यानंतर समोरून या गोलावर प्रक्षेपित करावे. गोलावर जी रेषा उमटेल तीच भिंगाची खरी कड होय, आणि खाच त्याच रेषेवरून फिरवायची असते. फ्रेमचे शरीर या खाचेभोवती उभे राहते. या क्रमाने काम केले की समोरून दिसणारा आकार तुमच्या रेखाटनाहून थोडा वेगळा दिसू लागतो आणि त्याचा राग येतो. अशा वेळी रेखाटन बदलावे, गोलाला हात लावू नये. अर्धी बाजू करून आरसा लावत असाल तर पुलावरच्या सर्व रेषा मध्यप्रतलाला, म्हणजे दोन्ही बाजू जिथे जुळतात त्या उभ्या पातळीला, काटकोनात भेटतील याची काळजी घ्यावी, नाहीतर नाकाच्या बरोबर वर एक बारीक घडी राहते, जी रंगीत रेंडरमध्ये लपते आणि झेब्रा पट्टे (पृष्ठभागाची सलगता तपासायला सॉफ्टवेअर दाखवते ते काळेपांढरे पट्टे) लावून पाहिले की ताबडतोब उघडी पडते.

डोक्याच्या मॉडेलविषयीही बोलले पाहिजे. सहकाऱ्याने जे आयते डोके वापरले होते त्याचे नाक उंच आणि धारदार होते, आणि त्या एकाच नाकावर आमचा गॉगल अप्रतिम बसत होता. माझी सूचना अशी की निदान तीन वेगळ्या ठेवणीची डोकी घ्यावीत, त्यांतले एक तरी बसक्या पुलाचे असावे, आणि प्रत्येकावर गॉगल लावून बाजूने छेद घेऊन पाहावा. मापांचा हिशेबही चेहऱ्यावरूनच करावा. काडीच्या आतल्या बाजूला 54, 18, 145 असे आकडे छापलेले असतात, म्हणजे भिंगाची रुंदी, पुलाची रुंदी आणि काडीची लांबी मिलिमीटरमध्ये, त्यांतले पहिले दोन मिळवले की दोन भिंगांच्या मध्यांतले अंतर 72 येते, तर प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे प्रत्येक डोळा भिंगाच्या मध्यापासून साडेचार मिलिमीटर नाकाकडे सरकलेला दिसतो. इतके चालून जाते. मोठा गॉगल शोभतो म्हणून हा फरक आणखी वाढवत नेला की डोळे नाकापाशी गोळा झाल्यासारखे दिसतात, आणि ते डोळे नसलेल्या रेंडरमध्ये कधीच कळत नाही.

भिंगाच्या रंगाचे थोडक्यात सांगते. सॉफ्टवेअरमधली पारदर्शकतेची पट्टी नजरेने सरकवून रंग ठरवू नका. भिंगातून किती प्रकाश पार होतो यावरून 0 ते 4 असे वर्ग आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत. नेहमीचा उन्हाचा गॉगल वर्ग 3 मध्ये येतो, म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत येतो. वर्ग 4 इतका गडद असतो की तो लावून वाहन चालवू नये. रंगाचा गडदपणा आणि अतिनील किरण अडवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडद पण अतिनील किरण न अडवणाऱ्या काचेमागे बाहुली विस्फारते आणि डोळ्यांत ते किरण उलट अधिक जातात, म्हणून नमुन्यात नुसती रंगीत प्लास्टिकची काच बसवली असेल तर तो लावून कोणालाही उन्हात पाठवू नका.

आता सहकाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. अॅसिटेट या प्लास्टिकच्या फ्रेमा बनवताना पुढचा भाग खरोखरच सपाट तक्त्यातून कापतात आणि नंतर गरम करून त्याला बाक देतात. भिंग बसवतानाही फ्रेम उबवून मऊ करतात, त्यामुळे ती भिंगाचा आकार बऱ्यापैकी स्वीकारते. त्याने पाहिलेली पद्धत म्हणजे चुकीची नव्हती. ती त्या पदार्थाची होती, आणि आमची फ्रेम ठिसूळ रेझिनमध्ये छापलेली होती. दुसरे म्हणजे सुट्टीत मी एकटीने तोच गॉगल पुन्हा केला. कपाटातला पुठ्ठा काढला, अकरा नमुने कापले, गोलावरून मॉडेल उभारले, आणि भिंग बोटाच्या दाबाने टक् असा आवाज करून खाचेत बसले. तो आवाज ऐकून मी त्या मार्गदर्शकांना पत्र लिहायला घेतले होते. पत्र पाठवण्याआधी गॉगल घरातल्या चौघांना लावून पाहिला. तो चौघांपैकी एकालाही नीट बसला नाही, कारण अकराही नमुने मी माझ्याच नाकावर घासून जमवले होते. पत्र पाठवले नाही.

तेव्हा सॉफ्टवेअर. गुळगुळीत, मोजमापात अचूक पृष्ठभागांसाठी नर्ब्सवर, म्हणजे वक्र पृष्ठभाग गणिती सूत्रांनी मांडण्याच्या पद्धतीवर, चालणारे काहीही चालेल. राइनोमध्ये रेषा गोलावर प्रक्षेपित करणे सोपे जाते. फ्यूजन किंवा सॉलिडवर्क्समध्ये माप बदलले की पुढचे सगळे आपोआप बदलते, आणि गॉगलमध्ये पुलाचे माप दहा वेळा तरी बदलते. ब्लेंडर विनामूल्य आहे आणि आकार शोधण्यासाठी, रेंडरसाठी उत्तम आहे, पण खाच आणि बिजागरी त्यात करताना तुमचा संयम सुटेल. तुम्हाला यांतले जे आधीच येते ते वापरा. नवीन शिकण्यात चार आठवडे घालवू नका. बिजागरी मात्र छापू नका. धातूची तयार बिजागरी विकत घेऊन तिचे माप मॉडेलमध्ये घ्या.

वेळेचे म्हणाल तर 12 पैकी पहिले तीन आठवडे पुठ्ठा, फोम आणि इतरांचे चेहरे यांसाठी ठेवा, चौथ्यात भिंगे हातात आणून त्यांचा बेस मोजून घ्या, पुढचे चार मॉडेलला द्या आणि फ्रेम नवव्या आठवड्याच्या आत एकदा छापून पाहा, कारण पहिली छापील फ्रेम बसत नाही. रेंडर उरलेल्या दिवसांत होते. तुमचा सहकारी म्हणाला की भिंगाचे नंतर पाहू, आधी फॉर्म ठरू दे, तर त्याच्याकडून ते तारखेसह लिहून घ्या आणि प्रकल्पाच्या अहवालात जोडा. मी लिहून घेतले नव्हते.